निकोला आपेर आणि बाटलीतले जेवण

चैत्र-वैशाखात आपल्या घरांतून बेगमीची धांदल असते. कुरडया, पापड, सांडगे, आमसुले, लोणची, साखरांबा, वर्षाचा मसाला. एकदा का या बरण्या-डबे फडताळात चढले, की पावसाळ्याचे चार महिने गृहिणीचा जीव स्वस्थ असतो. पण या साऱ्या बेगमीत एक गोष्ट कधी नसे, ती म्हणजे तयार जेवण. आमटी, उसळ, रस्सा हे सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकले तरी पुष्कळ. आपल्या आज्या-पणज्यांनी जे टिकवले ते मीठ, तेल, साखर, आंबटपणा आणि ऊन यांच्या बळावर, आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट आपले मोल म्हणून पदार्थाची मूळची चव थोडीफार घेऊन जातेच. कैरीचे लोणचे कितीही उत्तम साधले तरी ते कैरीसारखे लागत नाही. शिजवलेले अन्न, आहे त्याच चवीने, वर्षा-दोन वर्षांनी घरच्या माणसांच्या पानात वाढता यावे, ही गोष्ट ज्याने प्रथम तडीस नेली त्या फ्रेंच हलवायाची हकीकत मी यंदा सांगणार आहे. त्याचे नाव निकोला आपेर. शास्त्रज्ञांच्या चरित्रमालांत हे नाव क्वचितच आढळते, आणि पुष्कळ जुन्या पुस्तकांत तर ते फ्रान्स्वा असे चुकीचेच छापलेले आहे.

आपेरचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्सच्या शांपेन प्रांतात शालों या गावी झाला. वडिलांची खानावळ होती. उतारूंची राहण्याची सोयही तेथे असे. अकरा भावंडांत याचा क्रमांक नववा. खानावळीत वाढलेल्या मुलाला स्वयंपाकघर, तळघर आणि गिऱ्हाईक या तिन्हींची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. त्यात हा प्रांत फसफसणाऱ्या मद्याचा. त्या मद्याचा बाटलीच्या आतून जोर फार, म्हणून तिकडच्या बाटल्या जाड काचेच्या आणि बुचे अशी पक्की बसवलेली, की आतले बाहेर नाही आणि बाहेरचे आत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याने जे केले त्याचे निम्मे श्रेय मला या बाटल्या-बुचांच्या संस्काराचे वाटते. दुसऱ्या एखाद्या मुलखात जन्मला असता तर कदाचित हे त्याला सुचलेही नसते.

तरुणपणी भावाबरोबर त्याने बिअर गाळण्याचा धंदा केला. नंतर जर्मन भूमीवरील झ्वाइब्र्युकनच्या ड्यूककडे आणि ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेकडे मुदपाकखान्यात व तळघरात अनेक वर्षे नोकरी केली. १७८४ साली तो पॅरिसला आला आणि र्यू दे लोंबार या रस्त्यावर मिठाईचे दुकान थाटले. दुकानाचे नाव ला रनोमे, म्हणजे ख्याती. पुढल्याच वर्षी एलिझाबेथ बनुआ हिच्याशी त्याचे लग्न झाले. मग राज्यक्रांती आली. आपेर क्रांतीच्या बाजूचा, आपल्या वस्तीच्या समितीत काम करणारा. तरीही १७९४ च्या त्या भयंकर वर्षात त्यालाच पकडून तुरुंगात टाकले. डोके शाबूत राहून सुटला हेच नशीब.

हलवायाचा धंदा म्हणजे फळे साखरेत टिकवण्याचा धंदा. वीस वर्षे जो पाक करतो त्यालाच पाकाचे वैगुण्य नेमके कळते. साखर फळाचा स्वाद झाकते, मीठ मांसाला कडक व खारट करते, वाळवण केले की भाजीचा जीवच जातो; शिवाय साखर महाग, ती गरिबाच्या घरी परवडत नाही. यावर तोडगा म्हणून आपेरने जे प्रयोग आरंभले ते त्याने आधी आपल्या दुकानामागे, नंतर १७९५ पासून इव्री येथे, आणि १८०२ पासून पॅरिसच्या दक्षिणेस मासी या गावी चालवले. मासीला त्याने जमीन घेऊन मळा केला. कारण त्याचा एक हट्ट होता, की शेंग ज्या दिवशी तोडली त्याच दिवशी ती सोलून, बाटलीत भरून, शिजून व्हावी. रात्र पडू द्यायची नाही. जगातला हा अशा तऱ्हेचा पहिला कारखाना, पण वाचताना तो मला कारखान्यापेक्षा एखाद्या मोठ्या लग्नघराच्या स्वयंपाकासारखा वाटतो: एकीकडे मटार सोलणे, दुसरीकडे बाटल्या धुणे, तिसरीकडे चुलाण्यावर प्रचंड तांब्याची भांडी.

त्याची रीत काय होती ते जरा नीट सांगते, कारण आपणा बायकांना त्यातच खरा रस. रुंद तोंडाची काचेची बाटली घ्यायची. पदार्थ आधी बहुतेक शिजवून घ्यायचा, किंवा कच्चा असेल तर तसाच, बाटलीत भरायचा. वर थोडी जागा ठेवायची, कारण उष्णतेने आतले फुगते. बूच उत्तम प्रतीचे हवे. बाटल्यांचे तोंड रुंद असले म्हणजे एका तुकड्याचे बूच झिरपते, म्हणून तो बुचाच्या साली एकावर एक चिकटवून, त्यांची छिद्रे आडवी येतील अशा बेताने, मुद्दाम बुचे तयार करी. बूच ठोकून बसवायचे, तारेने आवळायचे, फटीवर चुना आणि चीज यांचे लुकण लावायचे. मग प्रत्येक बाटली जाड कापडाच्या पिशवीत घालायची, म्हणजे एकमेकींवर आपटून फुटणार नाहीत आणि फुटलीच तर काच पिशवीतच राहील. या पिशव्या तांब्याच्या भांड्यात उभ्या रचून, गार पाणी भरून, वर ओले फडके व झाकण ठेवून, पाणी उकळू लागल्यापासून नेमका वेळ मोजायचा. वेळ संपला की विस्तव काढायचा, पण बाटली लगेच बाहेर घ्यायची नाही; ती भांड्यातच सावकाश निवू द्यायची.

मटाराला किती, शतावरीला किती, मांसरसाला किती, दुधाला किती, हे त्याने एकेक करून वर्षानुवर्षे पाहिले. दूध तर आधी आटवून मग दोन तास बाटलीत उकळलेले. दोन वर्षांनी उघडले तेव्हा साय वेगळी होऊन तरंगत होती, ती हलवून तापवताच पुन्हा मिसळून गेली. अंडी त्याने बाटलीत पावाच्या चुऱ्यात रचली आणि उकळत्या पाण्याऐवजी ७५ अंशांवरच काढली.

आणि या सर्वांत प्रथम त्याने कोणती कृती लिहावी? नौदलाची नव्हे, राजवाड्यातली नव्हे, तर घरगुती पोतोफ. पोतोफ म्हणजे फ्रेंच घरांतले रोजचे जेवण: मांस आणि गाजर, सलगम अशा भाज्या एका हंडीत मंद आचेवर शिजवायच्या, रस्सा वेगळा वाढायचा, मांस-भाजी वेगळी. आपल्याकडे वरणभात तसे तिकडे हे. आपेरने हंडी चढवली, मांस तीन चतुर्थांश शिजले तेव्हा हाडे काढून बाटल्यांत भरले, वरून तोच रस्सा ओतला आणि उरलेले शिजणे बंद बाटलीत एक तासात पुरे केले. म्हणजे पूर्ण शिजवून मग बाटलीत पुन्हा गिजगा करायचा नाही, तर बाटलीतली उष्णता हीच शिजवण्याचा शेवटचा भाग म्हणून जमेस धरायची. स्वयंपाक करणाऱ्यालाच हे सुचेल. त्याच्या पुस्तकालाही त्याने जे नाव दिले त्याचा अर्थ होतो ‘सर्व घरांचे पुस्तक’. त्याच्या डोळ्यांपुढे आजारी माणूस होता, शहरातले लहान बिऱ्हाड होते, हिवाळ्यात ताजी भाजी न मिळणारी आई होती. लोक मात्र त्याला नेपोलियनच्या फौजेचा वाणी म्हणूनच ओळखतात.

नौदलाचा संबंध आला हे खरे. १८०३ साली ब्रेस्टच्या बंदरात त्याच्या बाटल्या तपासल्या गेल्या. तीन महिन्यांनी उघडलेल्या मटारात आणि शेंगांत ताज्या भाजीचा तजेला होता असा अहवाल झाला. खलाशांना खारवलेले मांस आणि टणक बिस्किटे यांवर महिनोन् महिने काढावे लागत, त्यांना हे अमृतच. पॅरिसमध्ये ग्रिमो द ला रेनियेर हा खाण्यापिण्यावर लिहिणारा त्या काळचा बडा टीकाकार, त्यानेही आपेरच्या मटारांची तारीफ केली. १८०९ साली राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने समिती नेमली. तीत बटाट्याचा प्रसार करणारा पारमांतिए होता. समितीचे मत पूर्ण अनुकूल पडले.

मग सरकारने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: पेटंट घे आणि धंदा आपल्या मुठीत ठेव, नाहीतर १२,००० फ्रँक घे आणि रीत छापून सर्वांना खुली कर. आपेरने दुसरी वाट धरली. १८१० साली पुस्तक निघाले. नेपोलियनने बक्षीस लावले आणि आपेरने ते जिंकले, अशी गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून सांगतात, ती तितकीशी खरी नाही. पैसे गृहखात्याने दिले आणि तेही गुपित उघड करण्याच्या अटीवर. हा निर्णय शहाणपणाचा होता का, यावर मी माझ्या मनाशी बराच विचार केला आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मुळीच नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला पीटर ड्युरँड नावाच्या गृहस्थाने जवळपास त्याच रीतीचे इंग्लंडचे पेटंट घेतले. त्यात काचेखेरीज कथलाच्या पत्र्याचे डबेही होते. ते पेटंट पुढे डाँकिन आणि हॉल यांच्याकडे गेले, आणि १८१३ पासून त्यांचे डबे इंग्रजांच्या आरमारात जाऊ लागले. ज्याने वीस वर्षे घालवली त्याला त्यातली दमडीही मिळाली नाही. पण पुस्तक निघाले नसते तर ती रीत साऱ्या जगात इतक्या लवकर पसरली नसती, हेही तितकेच खरे.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १८१४-१५ च्या लढायांत परकी फौजा मासीत शिरल्या आणि कारखान्याची वाताहत झाली. साठी उलटलेल्या माणसाने पॅरिसला येऊन सरकारने दिलेल्या जागेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता तोही पत्र्याचे डबे वापरू लागला. १८२२ साली त्याच उत्तेजन संस्थेने त्याला मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी दिली. पदवीने चूल पेटत नाही. काही वर्षांनी ती जागाही सोडावी लागली. १८३६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, तो कामातून निवृत्त झाला आणि सरकारच्या लहानशा पेन्शनवर मासीला राहू लागला. १ जून १८४१ रोजी त्याचा अंत झाला, तेव्हा स्वतंत्र थडग्याइतके पैसे नव्हते. गोरगरिबांच्या सामाईक खड्ड्यात त्याला पुरले. फ्रान्सने त्याचे चित्र टपालाच्या तिकिटावर छापले ते १९५५ साली.

आता ज्या कारणासाठी मी हे चरित्र निवडले त्याकडे वळते. आपल्या रीतीने अन्न का टिकते हे खुद्द आपेरला कधीच कळले नाही. उष्णता आणि हवाबंद तोंड, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक. गे-ल्युसाक या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या बाटल्यांतील हवा तपासून सांगितले की आत प्राणवायू उरत नाही म्हणून अन्न नासत नाही. सर्वांनी ते मानले. बाटली नासलीच तर आपेर बुचाला किंवा कामगाराच्या हयगयीला दोष देई. अन्न नासवणारे सूक्ष्म जीव असतात आणि उष्णता त्यांना मारते, हे पाश्चरने दाखवून दिले १८६० च्या सुमारास, म्हणजे आपेरच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

कारण न कळता रीत उचलली की काय होते याचा दाखला इंग्लंडात लवकरच मिळाला. गोल्डनर नावाच्या मक्तेदाराने आरमाराला मांसाचे मोठमोठे डबे पुरवले. डबा मोठा केला, पण त्या मानाने उकळण्याचा वेळ वाढवला नाही. १८५२ च्या जानेवारीत तपासणीसाठी ३०६ डबे उघडले, त्यांतले खाण्याजोगे निघाले फक्त ४२. आपल्याला यात नवल वाटू नये. मोठ्या पातेल्यात भात लावला तर कडेचा शिजतो आणि मधला कणीदार राहतो, तोच हा प्रकार. त्याच वर्षी शेव्हालिए-आपेर याने दाब दाखवणारे यंत्र बसवलेल्या बंद भांड्याचे पेटंट घेतले. दाबाखाली पाण्याचे तपमान शंभर अंशांच्या वर चढते आणि ते मोजता येते. माझ्या मते आपेरचे काम पुरे झाले ते या दिवशी.

हे पुरे होणे किती आवश्यक होते ते १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात कळले. वाजंत्रीवाल्यांनी खारवलेले मांस खाल्ले, पुष्कळ जण आजारी पडले, त्यांतले तिघे दगावले. व्हान एर्मेंगेम या डॉक्टरांनी त्या मांसातून एक जंतू शोधून काढला. तो मातीत सर्वत्र असतो. त्याची बीजे तासन् तास उकळली तरी मरत नाहीत. शंभर अंश त्यांना काहीच नाही. आणि गंमत अशी (गंमत कसली, काळच तो) की त्याला हवा नकोच असते. बंद बाटली, ओलसर अन्न, आंबटपणा नाही, खोलीची ऊब, हे त्याचे माहेरघर. तेथे तो जे विष करतो त्याला कित्येकदा वास नसतो, रंग नसतो, चव नसते.

आमच्या मंडळाच्या गृहोद्योग विभागाच्या बैठकीत गेल्या खेपेस एका तरुण सभासद भगिनीने सूचना मांडली की लोणची-मसाले सगळेच विकतात. आपण मटकीची उसळ, छोले, कोंबडीचा रस्सा असे तयार पदार्थ बाटल्यांत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून, वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी व नोकरी करणाऱ्या घरांसाठी विकावे. सूचना मनापासूनची होती, गरजही खरी आहे. माझ्या स्वतःच्या सुनेला अशी बाटली मिळाली तर तिचा एक तास वाचेल. तरीही मी विरोध केला, आणि वेळ थोडा असल्यामुळे कारण नीट सांगता आले नाही. ते हे कारण. उसळ, छोले, रस्सा, कोणतीही बिनआंबट भाजी, यांना उकळते पाणी पुरत नाही. त्यांना ११५ ते १२१ अंश तपमान, आणि तेही पदार्थाच्या मध्यापर्यंत पोहोचून ठराविक वेळ टिकणारे, लागते.

माझी भाची अमेरिकेत असते. ती हिवाळ्यासाठी राजमा आणि कोंबडीचे तुकडे रश्शासकट अशाच बरण्यांत भरून ठेवते. तिच्याकडे त्यासाठीच केलेले जाड, दाब दाखवणारे मोठे भांडे आहे आणि तिकडच्या शेतकी खात्याने तपासून छापलेले कोष्टक आहे. अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५ मिनिटे, एक लिटरच्या बरणीला ९० मिनिटे. गाव उंचावर असेल तर दाब वाढवायचा. (आपल्या महाबळेश्वरलाही पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते, हे ध्यानात आणा.) ती भात घालत नाही, पीठ लावून रस्सा दाट करत नाही, दूध-साय घालत नाही, कारण दाट पदार्थात उष्णता मध्यापर्यंत सावकाश जाते. दाटपणा बाटली उघडल्यावर द्यायचा. आणि वाढण्यापूर्वी सगळे दहा मिनिटे खळखळून उकळायचे, हा तिच्या घरचा कडक नियम आहे. मावशी, एवढे केल्याशिवाय मी मुलांना घास देत नाही, असे ती मला फोनवर बजावते.

आपल्या घरातला शिट्टीचा कुकर दाबाच्या बाबतीत कमी नाही, पण तो लहान असल्याने झटकन तापतो आणि झटकन निवतो. बरण्यांसाठी लागणारी सावकाश चढउतार त्यात होत नाही, आणि त्याच्यासाठी कोणी कोष्टक तपासून दिलेले नाही. किती शिट्ट्या म्हणजे किती मिनिटे हे अंदाजाने ठरवायचा हा विषय नव्हे. घरच्यापुरते शिजवलेले जास्त असेल तर त्याला बर्फाचा कप्पा आहे.

आंबट पदार्थांना मात्र आपेरची साधी रीत आजही चालते, कारण पुरेशा आंबटपणात तो जंतू वाढत नाही. आवळा, कैरी, अननस, कोकम यांत हरकत नाही. टोमॅटो काठावरचा आहे. काही जाती गोडसर निघतात, म्हणून एक लिटरच्या बाटलीत अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालूनच तो भरावा. विभागाच्या चिटणीसबाईंशी माझे बोलणे झाले आहे. येत्या हिवाळ्यात टोमॅटो स्वस्त होतील तेव्हा चाळीस बाटल्यांचा पहिला घाणा काढायचा आहे. ज्यांच्याकडे रुंद तोंडाच्या, बिनतड्याच्या काचेच्या बरण्या आणि बाटल्या बुडतील एवढे खोल पातेले असेल त्यांनी आधी नाव द्यावे. झाकणे मात्र नवीनच घ्यायची आहेत.